जळगाव एमआयडीसीतली पाइप कंपनी की चाकण? भाच्याला काय सांगू?

मेहरूणकाठ

भाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. हातात दोन कागद आहेत. एक चाकणचा, ट्रेनी म्हणून, 18,500. दुसरा इथला, जळगावचा, पीव्हीसी पाइपच्या कंपनीत, 14,000. बहिणीचा रोज रात्री फोन : "दादा, तू कंपनीत 19 वर्षं काढली, तूच सांग." मेहुण्यांचं म्हणणं वेगळं. त्यांना पोरगा केळीच्या मळ्यात नको आहे, बाकी कुठेही चालेल.

मी दोन शब्दांत सांगू शकलो नाही, म्हणून इथे लिहायला बसलो. लांबेल. कंटाळा आला तर सरळ खाली जाऊन शिव्या घाला.

मी लागलो तेव्हा मिक्सिंगला हेल्पर होतो. पाइप कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पाइप येतो. मला अजून पांढरी पावडर आठवते. रेझिनची, म्हणजे पीव्हीसीच्या कच्च्या पावडरची, 25 किलोची गोणी फाडायची, खडूची पावडर, स्टॅबिलायझर (तापल्यावर माल जळू न देणारा), मेण, सगळं मोजून हॉट मिक्सरमध्ये. पातं फिरून फिरून माल स्वतःच तापतो, 115-120 अंशांवर गेला की खाली कूलरमध्ये सोडायचा, पंचेचाळीसच्या आसपास आला की लाइनला, म्हणजे पाइप काढणाऱ्या मशीनला. शिफ्ट संपल्यावर पापण्यासुद्धा पांढऱ्या. आई म्हणायची, कंपनीत जातो की गिरणीत? तेव्हा स्टॅबिलायझर शिशाचं असायचं. आम्ही ते उघड्या हाताने घ्यायचो, त्याच हाताने तंबाखू मळायचो. शिसं कमी करत न्यायचा केंद्राचा नियम 2021 मध्ये आला. आता कॅल्शियम-झिंकचं वापरतात. माणसाला बरं आहे, पण ऑपरेटरला अवघड गेलं. शिशाला माफी होती, माल थोडा जास्त तापला तरी सांभाळून घ्यायचं. हे नवं तितकं सोसत नाही.

आता जे खरं सांगायचं आहे ते.

मे महिना. नाईट शिफ्ट. दिवसा 45 अंश, रात्री पत्र्याखाली किती ते कोणी मोजलं नाही. तीन लाइन चालू. अडीच-पावणेतीनला लाईट गेली. जनरेटर मारला तर बॅटरीने मान टाकलेली.

ज्यांनी पीव्हीसी पाहिलं नाही त्यांना सांगतो. लाईट गेली की बहुतेक कारखान्यांत लोक बाहेर ओट्यावर येऊन बसतात. आमच्यात बसता येत नाही. हीटर बंद झाला तरी बॅरल, म्हणजे माल वितळवणारी नळी, तापलेलंच असतं आणि आत माल अडकलेला असतो. पीव्हीसीच्या वजनात 57 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन. माल जागेवर शिजत राहिला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. आधी डोळे चुरचुरतात, मग माल पिवळा, तपकिरी, काळा. पुढे डायमध्ये, म्हणजे पाइपाला आकार देणाऱ्या साच्यात, दगड. तो दगड काढायचा म्हणजे दिवसच्या दिवस जातात, आणि डाय खराब झाला तर लाखांचा हिशोब.

सुपरवायझर मोबाइलवर प्लँट हेडला लावत होता. आम्ही चौघं टॉर्च घेऊन उभे. आणि सगळे बघत कोणाकडे होतो? उस्तादाकडे. एरंडोलकडचा माणूस, सातवी शिकलेला, ठेकेदाराच्या रजिस्टरला 11 वर्षं. त्याने एक नंबरच्या डायजवळ नाक नेलं. मग दोनजवळ, मग तीनजवळ.

"वास येस का तुले?"

मला काही येत नव्हता.

"नही ना? मंग टाईम शे. दोन नंबर पहिले खोला."

दोन नंबरच का? तिथे पाइप लहान, माल कमी. सुपरवायझरच्या मते एक नंबर, मोठा डाय, महाग. उस्ताद म्हणाला, संध्याकाळपासून दोन नंबरचा पाइप तोंडाशी किंचित पिवळा मारतोय, त्या मिक्सिंगमध्ये काहीतरी कमी पडलंय, ते आधी जळणार. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

गोणपाट हाताला गुंडाळून बोल्ट खोलले. मी घाईत लोखंडी छिन्नी उचलली तर त्याने मनगट धरलं. "लोखंड नको लावू. स्क्रू शे तो, कढई नही." त्याच्या खिशात वीतभर पितळी पट्टी असायची, भंगारातून आणून त्यानेच घासून धार केलेली. पितळ स्टीलपेक्षा मऊ, म्हणून माल पुढे ढकलणाऱ्या स्क्रूला ओरखडा पडत नाही. ओरखडा पडला की पुढे तिथेच माल अडकतो आणि तिथूनच जळायला सुरुवात होते. हे मला डिप्लोमावाल्या साहेबाने नाही सांगितलं.

लाईट पन्नासेक मिनिटांनी आली. दोन आणि एक वाचले. तीन नंबर गेला.

सकाळी रिपोर्ट निघाला : डीजी (जनरेटर) बॅटरी फेल, एक डाय डॅमेज, डाऊनटाईम इतके तास. उस्तादाचं नाव नाही. जूनच्या अखेरीस पाऊस लागला, शेतीच्या पाइपाची मागणी बसली आणि ठेकेदाराने नेहमीप्रमाणे माणसांना ब्रेक दिला, म्हणजे बिनपगारी घरी बसवलं. त्यात उस्ताद. सप्टेंबरात बोलावून घेतलं, तोपर्यंत कोणीतरी स्क्रूवर छिन्नी चालवून झाली होती.

मी त्या कंपनीचं नाव घेणार नाही, विचारू नका. वाईट लोक नव्हते. दिवाळीला बोनस, सोनपापडी, सगळं वेळेवर.

तर भाच्याला मी एवढंच सांगणार आहे, की पहिला महिना पगार, कॅंटीन, गेटवरचा बोर्ड सोडून दे. मशीन बंद पडल्यावर सगळे कोणाकडे बघतात ते बघ. मग त्या माणसाची हजेरी कुठल्या रजिस्टरला लागते ते बघ. तेवढ्यावरून कंपनी कळते असं माझं मत. पण हे बघायला आधी लागावं लागतं ना कुठेतरी. तेच तर विचारतोय. चाकण, नाशिक, सुरत पाहिलेल्यांनी लिहा.

---

शिफ्ट_सी

भाऊ, लिहिलंय झकास, पण एक बोलू? उस्तादाची गरज पडली हाच त्या कंपनीचा दोष आहे. जनरेटरची बॅटरी दर आठवड्याला तपासली असती तर रात्री नाकाने डाय हुंगायची वेळ आली नसती. आपल्याकडे जुगाडाचं फार कौतुक आहे. जिथे जुगाड्या हिरो असतो तिथे मेंटेनन्स झोपलेला असतो.

मी भुसावळचा, चाकणला सहा वर्षं. तिथे सेफ्टी शूज नसतील तर लाइनवर उभं करत नाहीत, बस दारात येते, जेवण गरम असतं. पण भाच्याला हेही सांग : खोलीत पाच जण, भाडं आणि मेस जाऊन 18,500 मधले हातात उरतात ते जळगावच्या 14,000 पेक्षा कमीच. आणि काम? मी दोन वर्षं एका स्टेशनवर होतो. गाडी येते, चार बोल्ट, टॉर्क गनचा टक् आवाज, हिरवा दिवा, पुढची गाडी. मिनिटाच्या आतबाहेर. दोन वर्षांनी मला चार बोल्ट येत होते. मग ट्रेनी कालावधी संपला, धन्यवाद, पुढची बॅच.

---

मेहरूणकाठ

बॅटरीचं मान्य. शंभर टक्के. ती तपासायचं काम कागदावर ज्याचं होतं तो आठवड्याला सही करत होता, हेही सांगून टाकतो.

---

अमळनेरकर

वाचतोय.

वडील प्रताप मिलमध्ये होते. आमच्याकडे कंपनीचा विषय निघाला की गाडी एकाच स्टेशनावर येते : 1945 ला गावात, अमळनेरला, वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली, आणि ज्यांनी शेअर धरून ठेवले त्यांची घरं बघा. आजोबांकडे शेअर होते की नव्हते यावर आमच्या घरात अजून दोन तट आहेत. भाच्याला नोकरी कुठेही करू दे, कंपनीचे शेअर मिळाले तर विकू नको म्हणावं.

---

ओट्यावरचा

पु.भा.प्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) लिहिणार होतो, मग लक्षात आलं की ही कथा नाही.

---

गाळा_नंबर_सात

आता जरा मालकाच्या बाजूने. मी मालक म्हणजे काय, 18 माणसांची प्लास्टिकच्या चटईची युनिट. जळगावच्या चटईचं नाव सगळीकडे, पण आतलं गणित सांगतो. प्लास्टिकच्या दाण्याचा भाव आज एक, पंधरा दिवसांनी दुसरा. व्यापारी जुन्या भावाने माल मागतो आणि पैसे तीन महिन्यांनी देतो. कायम माणूस ठेवा म्हणणं सोपं आहे भो. पावसाळ्यात लूम बंद, पगार चालू, असं चार महिने कोण काढेल?

आणि माणसांचंही ऐका. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) अर्धी युनिट गायब. मागच्या वर्षी श्रावणात कानबाईच्या उत्सवाला दोन ऑपरेटर गेले ते आठ दिवसांनी उगवले, वर मलाच रोटाचा प्रसाद. मी रागवणार होतो. प्रसाद हातात असताना कसं रागवता?

उस्तादासारखा माणूस माझ्याकडे असता तर मी त्याला ब्रेक दिला नसता. पण 18 मध्ये उस्ताद कोण ते मला दिसतं. तीनशे माणसांत मालकाला ठेकेदार दिसतो.

---

मेहरूणकाठ

@गाळा_नंबर_सात, शेवटचं वाक्य मी भाच्याला पाठवलं.

---

कैरीचं_लोणचं

इथे सगळे पुरुष बोलतायत म्हणून लिहिते. मी पाइपाच्या फिटिंगच्या (जोडायच्या तुकड्यांच्या) कंपनीत पॅकिंगला सात वर्षं होते. एल्बो, टी, कपलर. मोल्डिंगमधून माल गरम येतो, त्याची कड कटरने काढायची, बघायची, मोजायची, पिशवीत. डाव्या हाताच्या अंगठ्यावर कटरच्या रेघा आहेत, नातवंडं विचारतील तेव्हा सांगेन. एल्बो हातात घेतला की डोळे मिटून सांगायचे कुठल्या मोल्डचा आहे, कारण एका मोल्डच्या आतल्या बाजूला केसाएवढा चरा होता. मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा गिऱ्हाइकाने गळका माल परत पाठवला तेव्हा साहेब आले आणि म्हणाले, पॅकिंगवाल्यांचं लक्ष नसतं.

दिवसभर उभं. उभ्याने काम करणाऱ्यांना मध्ये टेकायला बसायची सोय द्यावी असं 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 44 होतं, हे मला नोकरी सोडल्यावर कळलं. आम्ही उलट्या क्रेटवर बसायचो, सुपरवायझर आला की उठायचो. बाथरूम दुसऱ्या शेडच्या मागे, म्हणून बायका पाणीच कमी प्यायच्या. मे महिन्यात.

पण पगार माझ्या खात्यात यायचा. मधल्या सुट्टीत आठ-दहा डबे उघडायचे, कोणाची कळण्याची भाकरी, कोणाचं भरीत, कोणाची कालची शेवभाजी. त्या अर्ध्या तासासाठी मी अजून एकदा लागेन.

भाच्याला सांगा, साहेब झाला तर पॅकिंगला आधी विचार.

---

शिफ्ट_सी

ताई, यापुढे मी काय लिहू. गप्प.

---

हजेरीपट

मी एचआरमध्ये आहे, त्यामुळे इथे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. मुलगा कुठेही लागो, काही गोष्टी पहिल्याच महिन्यात बघून घ्या.

पगार ठेकेदारामार्फत असेल तर पीएफ खरंच भरला जातोय का ते उमंग अ‍ॅपवर यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, टाकून बघायचं. स्लिपवर कापलेला दिसतो आणि खात्यात जमाच नसतो असे प्रकार मी पाहिलेत. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे कंत्राटी कामगारांच्या 1970 च्या कायद्यापासून आहे. कामगारांना कोणी सांगत नाही. आम्हीही नाही, खरं बोलायचं तर.

ओव्हरटाइम. बारा तासांची शिफ्ट करून वरचे चार तास साध्या दराने देणं एमआयडीसीत सर्रास चालतं, त्याला 'सिंगल ओटी' असं गोंडस नाव. 1948 च्या कारखाना कायद्यात दुप्पट दर होता आणि नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही दुप्पटच आहे. भरपगारी रजा दर 20 दिवसांच्या कामाला एक. आधी त्यासाठी वर्षात 240 दिवस भरावे लागायचे, आता 180. पावसाळ्यात ब्रेक मिळणाऱ्यांना हा फरक मोठा आहे.

ईएसआयला, म्हणजे कामगार विम्याला, पोरं नाक मुरडतात. 14,000 वर कामगाराचे 0.75 टक्के म्हणजे 105 रुपये जातात, कंपनी 3.25 टक्के भरते. मर्यादा 21,000 पगाराची, आणि ती बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत. म्हणून 'ओटी केली तर ईएसआय जाईल' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. कार्ड काढून घरात आई-वडिलांची नावं घालून ठेवायची. बोट गेल्यावर कार्डासाठी धावणारे मी पाहिलेत.

---

मेहरूणकाठ

@हजेरीपट, उस्तादाचा पीएफ नंतर निघाला तेव्हा 11 पैकी चार वर्षं कोरी होती. ठेकेदार दोनदा बदललेला. कोणता ठेकेदार, कोणती वर्षं, हे जुळवता जुळवता त्याने नाद सोडला. कागद त्याच्याकडे नव्हतेच. मलाही तेव्हा काही ठाऊक नव्हतं, नाहीतर बसून काढून दिले असते.

---

उधन्याचा_नाना

भाऊ, मी सुरतना उधनामा लूमवर पंधरा वरीस काढात. बारा तासनी पाळी. घर उनू तरी कानमा तोच आवाज. आठेना निम्मा लोके तठेच शेतस, लिंबायतमा तर आपलीच भाषा. पगार आठेपेक्षा बरा, पन घर म्हनशी तर कानबाईले आठ दिन.

आता मराठीत लिहितो, नाहीतर पोरं म्हणतील नाना इंग्रजी बोलतो. मी परत आलो तेव्हा मला लूम सोडून काही येत नव्हतं. पण लूम पक्की येत होती, आवाजावरून सांगायचो कुठला धागा तुटणार. इथे चटईच्या युनिटमध्ये त्याच दिवशी उभं केलं. तुझ्या भाच्याला एक मशीन पूर्ण येऊ दे. चार बोल्ट नको. मग तो सुरतला जावो की नाशिकच्या सातपूरला.

---

शिफ्ट_सी

नाना बरोबर बोलले. फक्त भर घालतो : एक मशीन पूर्ण येण्यासाठी आधी ती खोलू देणारी कंपनी लागते. मोठ्या कंपनीत मशीन खोलायला कंपनीचा माणूस परगावाहून येतो आणि आपण पिवळ्या पट्टीच्या बाहेर उभे. लहान कंपनीत पहिल्या आठवड्यात हातात पाना देतात, तिथे बोटं सांभाळावी लागतात. माझं मत आता थोडं जळगावकडे झुकलंय. थोडंच.

---

गाळा_नंबर_सात

भाच्याला चटई चालत असेल तर मी 13,000 देतो. दुपारचा चहा माझा.

---

मेहरूणकाठ

(पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, माफ करा. भाचा इथेच लागला, पाइपला. बहीण खूश, मेहुणे तटस्थ. कायम नाही, पण कंपनीच्या रजिस्टरला आहे, ठेकेदाराच्या नाही. यूएएन तपासला, पहिला महिना जमा दिसतोय. @हजेरीपट, आभार. सध्या पांढऱ्या पापण्या घेऊन घरी येतो आणि माझी बहीण मला फोन करून तेच विचारते जे आई विचारायची.

काल रात्री सव्वाएकला त्याचा फोन. मी दचकून उठलो. पार्श्वभूमीला मशीन बंद असल्याची शांतता होती, ती मला झोपेतही ओळखू येते. म्हणाला, "मामा, लाईट गेली होती, डीजी लगेच लागला, सगळं ठीक आहे. पण एक लाइन खोलली तर स्टोअरमध्ये फक्त लोखंडी छिन्नी आहे. मी लावू दिली नाही. सुपरवायझर चिडलाय. पितळी पट्टी कुठे मिळते?"

रात्री सव्वाएकला पितळ कुठे मिळणार. म्हटलं, तोवर लाकडाची फळी तासून वापरा, आणि सुपरवायझरला फोन दे. त्याने दिला नाही, बरंच झालं.

सकाळी एरंडोलला फोन लावला. उस्ताद आता घरीच असतो, दोन म्हशी आहेत. त्याला सगळं सांगितलं. पट्टीचं ऐकून विचारलं, "कितली लांब पाहिजे?" म्हटलं, तुझ्याजवळ होती तेवढीच. रविवारी भाच्याला घेऊन जातोय.

---

कैरीचं_लोणचं

जाताना उस्तादाच्या पीएफचे जे असतील ते कागद मागून आणा. @हजेरीपट आहेतच इथे.

---

हजेरीपट

आणा. आधार, बँक पासबुक, जुनी कोणतीही स्लिप असेल ती. गेटपाससुद्धा चालेल.